आमवाताच्या गोळ्या आणि काट्यातला पासंग

गेल्या महिन्यात गंगाखेडहून चुलतवहिनींचा फोन आला. "ताई, पोरीला कॅन्सरच्या गोळ्या दिल्यात म्हणं. दुकानदारानंच सांगितलं. मी तर बंदच केल्यात." त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, सव्वीस वर्षांची आहे. लग्नाला वर्ष होत आले आणि हातापायांच्या सांध्यांना सूज येऊन काम होईना, म्हणून ती माहेरी आलेली आहे. तिला आमवातासाठी ज्या गोळ्या लिहून दिल्या होत्या त्या मेथोट्रेक्सेटच्या होत्या, आणि दुकानदार बोलला ते खोटे नव्हते. खोटे नसलेले वाक्यही माणसाला किती चुकीच्या दिशेला नेऊ शकते, हे मी स्वतःच्या शरीरावर अनुभवले असल्यामुळे वहिनींना फोनवर काही न सांगता मी रविवारी गंगाखेडला गेले. तिथे जे बोलणे झाले, आणि जे वेळेअभावी राहून गेले, ते येथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि अकरा वर्षांपासून आमवाताची रुग्ण आहे.

आमवात म्हणजे म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात नव्हे, हे आधी स्पष्ट करावे लागते, कारण आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'वात' म्हणतात. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरालाच परके समजून त्याच्यावर तुटून पडते, अस्तर सुजते, आणि त्या सुजेतून पुढे हाड कुरतडले जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघर जाऊन झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण हजारी पाचाच्या आसपास निघाले होते, म्हणजे मोठ्या गावात शोधायला गेलो तर प्रत्येक गल्लीत नाही, पण प्रत्येक आळीत एखादी बाई सापडेल.

माझा आजार भाकरीने उघडकीला आणला. २०१४ च्या हिवाळ्यात सकाळी परातीत पीठ मळायला बसले की हाताची मूठ मिटत नसे. भाकरी थापताना तळवा सपाट ठेवून बोटांच्या टोकांनी कड पुढे सरकवावी लागते. तीच टोके दाबली जात नव्हती, त्यामुळे भाकरी मधे पातळ आणि कडेला जाड होऊ लागली, आणि सासूबाईंनी एक दिवस तव्यावरून उतरवलेली फाटकी भाकरी न बोलता माझ्यासमोर धरली. हाताची मूठ आवळली की बोटांच्या मुळाशी जे चार उंचवटे दिसतात आणि त्यांच्यामध्ये ज्या खळ्या पडतात, त्या खळ्या माझ्या हातावरून नाहीशा झाल्या होत्या. दहा-अकरा वाजेपर्यंत हात सैल होत, मग वर्गात खडू धरता येई. म्हणून दुपारी मला स्वतःलाच वाटायचे की सकाळचे दुखणे आपण वाढवून सांगतो.

पुढची दोन वर्षे मी जे केले त्याचे समर्थन करता येणार नाही. वेदनाशामक गोळ्या तर घेतल्याच, शिवाय एका आठवडी बाजारात बसणाऱ्या माणसाकडून आठ महिने पुड्या आणल्या. 'गोळ्यांचे साइड इफेक्ट नकोत, हे झाडपाल्याचे आहे' एवढाच माझा विचार. पुड्यांनी तिसऱ्या दिवशी सूज उतरली, आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला तेव्हाच शंका यायला हवी होती. चेहरा गोल झाला, रक्तातली साखर वाढली, आणि घाबरून पुड्या एकदम थांबवल्या तेव्हा रक्तदाब इतका उतरला की उठून बसता येईना. डॉक्टरांनी लक्षणांवरून सांगितले की पुडीत स्टिरॉइड मिसळलेले होते. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे बंद करते, आणि पुरवठा अचानक तुटला की हे असे होते. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध नको म्हणून मी जे घेत होते, तेही प्रतिकारशक्ती दाबणारेच औषध होते. फक्त मात्रा, नाव आणि तपासणी यांपैकी काहीही माहीत नसलेले.

माझ्या सासऱ्यांची मोंढ्यात आडत होती. माल तोलण्यापूर्वी ते रिकामा काटा उचलून पाहायचे, कारण एका पारड्याखाली पासंग लावलेला असेल तर पुढचे सगळे तोलणे वाया. औषधांच्या बाबतीत आपल्या काट्याला पासंग आधीच लागलेला असतो. औषधाने जे वाईट होते त्याचा दोष औषधावर जातो. औषध न घेतल्याने जे वाईट होते ते मात्र 'आजारच तसा' किंवा 'नशीब' म्हणून खात्यातच धरले जात नाही. वहिनींनी गोळ्या बंद केल्या तेव्हा त्यांच्या मते त्यांनी धोका टाळला होता. प्रत्यक्षात त्यांनी एक धोका सोडून दुसरा घेतला होता, आणि तो दुसरा किती मोठा आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

तो असा. हाडाची झीज बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते आणि झालेली झीज नंतर कोणत्याही औषधाने भरून येत नाही. माझ्या उजव्या मनगटाचे हाड त्या पुड्यांच्या काळात गेले, मनगट आजही पूर्ण वाकत नाही. एवढ्यावर भागत नाही. अंगात सतत धुमसणाऱ्या दाहामुळे हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट होतो, काहींच्या फुफ्फुसांना तंतुमय कडकपणा येतो, आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे प्रमाणही या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त असते. 'कॅन्सर होईल म्हणून गोळी नको' म्हणणाऱ्यांना हे शेवटचे वाक्य सहसा नवीन असते.

आता त्या 'कॅन्सरच्या गोळी'बद्दल. फॉलिक आम्ल हे पेशींच्या वाढीला लागणारे जीवनसत्त्व. त्याच्यासारखी दिसणारी पण त्याचे काम अडवणारी द्रव्ये १९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाली, आणि त्या संशोधनाचे नेतृत्व करणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे मूळचे आंध्रातील भीमावरमचे. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर अशा एका द्रव्याचे परिणाम प्रसिद्ध केले. १९५१ मध्येच आमवाताच्या काही रुग्णांवरही ते वापरून पाहिले गेले होते, पण त्याच काळात कॉर्टिसोनचा बोलबाला झाला (१९५० चे नोबेल त्यालाच मिळाले) आणि हा धागा तीसेक वर्षे बाजूला पडला. अमेरिकेत आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला रीतसर मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. कर्करोगात हे औषध काही वेळा ग्रॅमच्या हिशेबात शिरेतून देतात. आमवातात आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. वर्गात मी मुलांना सांगते की पदार्थाचे नाव सांगून अर्धीच माहिती मिळते, उरलेली अर्धी मात्रेत असते. मिठाच्या बाबतीत हे सर्वांना पटते, औषधाच्या बाबतीत पटत नाही.

मात्र याचा अर्थ हे औषध निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही, आणि हे मी अनुभवाने सांगते. २०१६ मध्ये संभाजीनगरच्या तज्ज्ञांनी मला हे सुरू केले तेव्हा चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा, शनिवारी' असे स्पष्ट लिहिले होते. औषधाच्या दुकानात मात्र गोळ्या कागदी पाकिटात घालून वर 'रात्री १' एवढेच लिहून दिले, आणि मी चिठ्ठी फायलीत ठेवून पाकीट उशाशी ठेवले. शनिवार, रविवार, सोमवार अशा तीन रात्री गोळी घेतली. मंगळवारी जीभ आणि ओठांच्या आतली बाजू सोलवटली, साधे वरण झोंबू लागले. तेव्हा चिठ्ठी काढून पाहिली आणि हातपाय गार पडले. डॉक्टरांनी फोनवरच बोलावून घेतले, रक्त तपासले, आणि उतारा म्हणून फॉलिनिक आम्ल दिले. पांढऱ्या पेशी थोड्याच उतरल्या होत्या म्हणून निभावले. रोज घेतल्याने याच औषधाने जगभर माणसे दगावली आहेत. त्या दिवसापासून माझ्या गोळ्यांच्या डबीवर लाल शाईने 'शनि' लिहिलेले आहे आणि डबी उशाशी नव्हे, देवघराशेजारच्या फळीवर असते.

हा अपघात सोडला तर पुढचे सगळे संथ होते. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि हा काळ सर्वांत कठीण असतो, कारण मळमळ पहिल्या आठवड्यापासून मिळते आणि फायदा तिसऱ्या महिन्यात. शनिवारची गोळी रात्री जेवणानंतर घेतली की रविवार सकाळ कशीबशी जाते. बाकीच्या दिवसांत फॉलिक आम्लाची पाच मिलिग्रॅमची गोळी घेतल्याने तोंड येणे आणि यकृतावरचा ताण कमी होतो. सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी रक्ताच्या पेशी, यकृताची अवस्था सांगणारे एसजीपीटी आणि क्रिएटिनिन पाहावे लागते, नंतर दर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन कशासाठी, असे मला अनेक जण विचारतात. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. मूत्रपिंड मंदावले की औषध अंगात साचते. परभणीत मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, टँकरच्या पाण्याने जुलाब लागतात, आणि अशा आठवड्यात अंगातले पाणी आटलेले असताना गोळी घेणे धोक्याचे असते. म्हणून जुलाब, तापाचा संसर्ग किंवा अँटिबायोटिक चालू असेल तेव्हा डॉक्टरांना फोन केल्याशिवाय मी शनिवारची गोळी घेत नाही. कोट्रायमॉक्सॅझोल हे लघवीच्या जळजळीवर सर्रास दिले जाणारे औषध मेथोट्रेक्सेटबरोबर घेतल्यास रक्तपेशी घातक पातळीला उतरू शकतात, हे तर मी माझ्या फायलीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे, कारण तालुक्याच्या डॉक्टरांना प्रत्येक वेळी ते आठवेलच असे नाही.

दहाव्या आठवड्यात एका सकाळी मूठ मिटली. पूर्ण नाही, पण नखे तळव्याला टेकली.

या औषधाच्या दुष्परिणामांपैकी खरे त्याचे किती आणि आपण त्याच्या नावावर टाकतो ते किती, हा प्रश्न मला फार दिवस छळत असे. त्याचे बरेच चांगले उत्तर अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या चाचणीतून मिळाले. ती खरे तर हृदयरोग्यांवर होती, आमवाताच्या रुग्णांवर नव्हे. मेथोट्रेक्सेटने हृदयविकाराचे झटके कमी होतात का हे पाहायचे होते, आणि ते काही झाले नाही. पण तिच्यामुळे चार हजार सातशेहून अधिक माणसांपैकी निम्म्यांना आठवड्याची खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी मिळाली होती. खरी गोळी घेणाऱ्यांत शंभरातील सुमारे ८७ जणांना काही ना काही त्रास नोंदवला गेला. हा आकडा एकटा वाचला तर कोणीही गोळी फेकून देईल. रिकामी गोळी घेणाऱ्यांत तो आकडा सुमारे ८१ होता. फरक खरा आहे; पोटाचे त्रास, संसर्ग, रक्तपेशी आणि यकृताच्या तक्रारी खऱ्या गोळीत जास्तच होत्या, त्वचेच्या काही कर्करोगांचे प्रमाणही वाढलेले दिसले. पण माणसाचे अंग गोळीवाचूनही दुखते, खोकते आणि मळमळते, ही गोष्ट त्या ८१ ने मला शिकवली.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये वेगळेच संकट आले. मेथोट्रेक्सेटबरोबर मी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत होते. करोनावर ते चालते अशी हवा उठली आणि दुकानांतून ते नाहीसे झाले. ज्यांना ते खरोखर लागत होते त्यांना मिळेना, ज्यांना लागत नव्हते त्यांच्या कपाटात पडून राहिले. (या औषधाचा खरा धोका डोळ्याच्या पडद्याला असतो. दर किलो वजनामागे रोज पाच मिलिग्रॅमच्या आत राहायचे; माझे वजन ५८ किलो, म्हणजे २९० ची मर्यादा, म्हणून दोनशेची एकच गोळी; आणि वर्षातून एकदा पडद्याची यंत्रावर तपासणी.) शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे म्हणून घाबरून माझ्या ओळखीच्या दोघींनी सगळेच बंद केले आणि टाळेबंदीत अंथरुण धरले.

त्या वर्षाअखेरीस माझे दोन्ही पायांचे तळवे आणि डावा गुडघा पुन्हा सुजले. मेथोट्रेक्सेट पुरेनासे झाले होते, आणि येथून पुढचे तोलणे अधिक बारीक होते. एक मार्ग टीएनएफ नावाचे दाहाचे रसायन अडवणाऱ्या इंजेक्शनांचा. मार्क फेल्डमन आणि भारतात जन्मलेले रविंदर मैनी यांनी लंडनमध्ये केलेल्या संशोधनातून ही औषधे आली, आणि ज्यांना इतर कशाने गुण येत नाही अशा असंख्य रुग्णांना त्यांनी उभे केले. परंतु तेच टीएनएफ क्षयाच्या जंतूंना फुफ्फुसात जणू भिंत घालून कोंडून ठेवण्याचेही काम करते. भिंत काढली की वर्षानुवर्षे झोपलेला क्षय जागा होतो. २००१ मध्ये अशा सत्तर रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा हे ठळकपणे पुढे आले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण भारतात असताना आपल्याकडे हा काही पुस्तकी धोका नाही. माझ्या आजोबांना क्षय झाला होता आणि आम्ही नातवंडे त्यांच्याच खोलीत झोपत असू. म्हणून छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या सुप्त संसर्गाची तपासणी आधी, ती सकारात्मक आली तर आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध, आणि मगच इंजेक्शन, असा क्रम असतो. तो कोणी घाईने ओलांडत असेल तर रुग्णाने थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग टोफासिटिनिबच्या गोळ्यांचा. सुई नाही, गुण लवकर येतो, आणि आपल्याकडे त्या इंजेक्शनांपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. मोह पडण्यासारखेच होते. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारे एक तरी कारण अंगी असलेल्या रुग्णांची या गोळ्या आणि टीएनएफची इंजेक्शने यांच्यात सुमारे चार वर्षे तुलना झाली, त्यावरून २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. बातम्यांतून 'कर्करोगाचा धोका जवळजवळ दीडपट' असे आले. मूळ आकडे असे : हजारी २९ च्या जागी ४२ जणांना कर्करोग, आणि २५ च्या जागी ३४ जणांना हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा मोठा आघात. दीडपट हा शब्द ऐकून मी घाबरले होते. हजारी तेरा आणि हजारी नऊ हे आकडे पाहून विचार करू शकले. शिवाय यात तुलना दुसऱ्या औषधाशी आहे, औषधच न घेण्याशी नाही. मी मात्र त्या चाचणीत अगदी नेमकी बसत होते : वय पन्नाशीच्या पुढे आणि रक्तदाबाची गोळी चालू. त्यामुळे मी नको म्हटले. तीस वर्षांच्या, इतर काही आजार नसलेल्या माणसाने कदाचित हो म्हणावे, आणि ते चूक ठरणार नाही.

मी घेतला तो तिसरा, जुना मार्ग : मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांच्या जोडीला सल्फासॅलाझिन. या तिहेरी उपचाराची इंजेक्शनांशी तुलना २०१३ मध्ये झाली होती आणि वर्षभराच्या अखेरीस तो कमी पडला नव्हता. कोणतीही कंपनी त्याची जाहिरात करत नाही, कारण तिन्ही औषधे स्वस्त आहेत. माझी सूज चार महिन्यांत उतरली. सर्वांची उतरतेच असे नाही, आणि उतरली नसती तर क्षयाची तपासणी करून मी इंजेक्शन घेतले असते.

गंगाखेडला भाचीसमोर हे सारे बोलत होते, तेव्हा माझ्या लक्षात आले की तिच्यासाठीचे तोलणे माझ्यापेक्षा अगदी निराळे आहे. तिने हळूच विचारले, "आत्या, बाळाचं काय?" वहिनी कॅन्सरवर अडल्या होत्या आणि पोरगी या प्रश्नावर, जो तिच्या बाबतीत खरा मोठा होता. मेथोट्रेक्सेटने गर्भाला व्यंग येऊ शकते, त्यामुळे दिवस राहू न देण्याची खात्री असल्याशिवाय ते घ्यायचेच नाही. लेफ्लुनोमाइड हे आमवाताचे आणखी एक औषध तर शरीरात दोन-दोन वर्षे रेंगाळू शकते आणि ते धुऊन काढायला वेगळे औषध द्यावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणातही चालू ठेवता येतात. आजार धगधगत असताना दिवस गेले तर बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते, म्हणून 'आधी बाळ, मग औषध' हाही सुरक्षित रस्ता नाही. तिला हे कोणीच विचारले नव्हते. बहुधा गर्दीच्या ओपीडीत सासू शेजारी उभी असताना तिला बोलताही आले नसेल.

पुढच्या आठवड्यात मी, भाची आणि जावईबापू तिघे संभाजीनगरला गेलो. डॉक्टरांनी दोन्ही वाटा मांडल्या : बाळ लगेच हवे असेल तर चालणारी दोन औषधे आत्ताच, गुण कदाचित थोडा कमी; अथवा एक वर्ष थांबून मेथोट्रेक्सेटने आजार पूर्ण आटोक्यात आणायचा आणि मग ते बंद करून तीन महिन्यांनी बाळाचा विचार. तिच्या रक्तातील अँटी सीसीपी, म्हणजे आमवातात आढळणारी प्रतिपिंडे, खूप वाढलेली होती आणि एक्स-रेत पायाच्या करंगळीच्या मुळाशी झीज दिसू लागली होती. जावईबापूंनी बराच वेळ तो एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "वर्षभर थांबू. आईला मी सांगतो." मला वाटते, तो निर्णय योग्य होता. पण झीज दिसली नसती तर मी स्वतः पहिल्या वाटेकडे झुकले असते.

तिने सोमवार निवडला आहे. दोन गोळ्या झाल्या. मळमळ आहे, सूज आहे तशीच आहे. काल पहिला रिपोर्ट आला. पेशी आणि क्रिएटिनिन ठीक, एसजीपीटी जरासे वर. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितले आहे. वहिनींचा आज सकाळी पुन्हा फोन होता. या वेळी त्यांनी गोळ्या बंद केलेल्या नाहीत. एसजीपीटी म्हणजे काय, एवढेच त्यांना विचारायचे होते.